सैल पट्टा

सोमवार, ४ मार्च

नोकरीचा पहिला दिवस. बाईंनी ही वही हातात ठेवली. केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला एक देतात म्हणे. कोणी मागत नाही, कोणी वाचत नाही.

"इथे दिवसभर दुसऱ्यांची पोरं बघायची असतात," बाई म्हणाल्या. "आपल्या आत काय हललं ते कुठेतरी काढून ठेवावं. नाहीतर ते दुसऱ्याच्या पोरावर निघतं."

मी म्हटलं, मी यंत्र बघणार आहे, पोरं नाही.

"बरं. मग यंत्राबद्दल लिही, इंजिनियर."

तर यंत्राबद्दल. छातीला बांधायचा मऊ पट्टा, त्यात दोन चकत्या. चकत्या हृदयाचे ठोके टिपतात. पट्ट्याला एक छोटी डबी आहे, ती शरीराची हालचाल टिपते. दोन्ही नोंदी शेजारच्या खोलीत माझ्या पडद्यावर येतात. त्या खोलीतून एका काचेतून खेळण्याची खोली दिसते. तिकडून पाहिलं तर तो नुसता आरसा. याआधी तीन वर्षं मी धावपटूंसाठी पट्टे बनवणाऱ्या कंपनीत होते. पट्टा तोच, छाती लहान. एवढाच फरक.

गुरुवार, ७ मार्च

बाईंनी कामाची पद्धत समजावली. त्या मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञ. ज्यांचं घर मोडलं, ज्यांना दुसऱ्या कुणी सांभाळलं, अशी मुलं बालकल्याण कचेरीकडून त्यांच्याकडे येतात. मूल कुठे राहावं हे कचेरी ठरवते. कसं न्यावं, किती सावकाश न्यावं, हे बाई सांगतात.

खोलीत मूल असतं, त्याला सांभाळणारं माणूस असतं आणि खेळणी. थोड्या वेळानं ते माणूस बाहेर जातं, आणि परत येतं. बस्स, इतकीच चाचणी.

"जाताना काय होतं ते सगळेच बघतात," बाई म्हणाल्या. "तू परत येण्याकडे बघ. पुस्तकात याला अनुबंध म्हणतात. मी लळा म्हणते. लळा म्हणजे रडणं नव्हे ग. घाबरल्यावर कुणाकडे धावायचं हे पायांना ठाऊक असणं, तो लळा."

काही मुलं रडत नाहीत आणि धावतही नाहीत. माणूस परत आलं तरी खेळत बसतात. लळाच नाही, की आहे आणि आत कोंडून ठेवलाय, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. "मी तीस वर्षं ओळखायचा प्रयत्न करतेय, पंधरा वेळा तोंडावर पडलेय," बाई म्हणाल्या. "म्हणून तुझा पट्टा मागवला."

दुपारी नोंद गाळण्याचा भाग बसवला. जुन्या कंपनीतला नियमच उतरवला: शरीर हललं नाही आणि ठोके एकदम चढले, तर पट्टा सरकला असं धरायचं आणि तो तुकडा गाळायचा. कंपनीत हा नियम कधी चुकला नाही.

रविवार, १० मार्च

आईचा फोन. मावशीचं दुखणं वाढलंय. "तुझी आठवण काढते. येऊन जा ना एकदा."

मी पाच वर्षांची होईपर्यंत मावशीकडे होते. आईबाबांची नोकरी तेव्हा लांब होती. नंतर ते येऊन मला घेऊन गेले. आईला म्हटलं, एप्रिलमध्ये येते. नव्या नोकरीत लगेच रजा मागणं बरं दिसत नाही.

मावशीला फोनवर द्यायला आई तयार होती. मी म्हटलं, झोपू दे तिला.

बुधवार, १३ मार्च

आज एक नवीन प्रकरण आलं. मुलगी अडीच वर्षांची. आई बाळंतपणानंतर महिन्याभरात गेली, बाप आधीपासूनच बेपत्ता. तेव्हापासून तिला एक बाई सांभाळते. ती घरी शिवणकाम करते. कपडे आखूड करणं, उसवणं, चेन बदलणं. केंद्रात सगळे तिला टेलरताई म्हणतात. मुलगी तिला माऊ म्हणते, आणि ती मुलीला मुंगी. का, ते लगेच कळलं. मुंगीनं कारकुनाच्या टेबलावरच्या टाचण्यांची डबी उचलून खिडकीत नेली, मग खिडकीतलं रबर टेबलावर आणलं, आणि असं चालूच ठेवलं.

"घरात बटणं सापडत नाहीत मला," टेलरताई म्हणाल्या. "गिऱ्हाईक उभं आणि मी पलंगाखाली. ही आपली शांत. मुंगे, बटण दे ग म्हटलं की मुठीतून काढून देते, जसं काही मीच मागायला उशीर केला!"

आता मुलीच्या वडिलांचे भाऊ आणि वहिनी सापडलेत. त्यांना मूल नाही आणि मुंगी हवी आहे. कायद्यानं ती त्यांचीच. राहतात मात्र लांब, आगगाडीनं दिवसभराच्या अंतरावर. प्रश्न एवढाच उरला: एकदम न्यायची, की दोन-तीन महिने येत-जात, ओळख करत, आणि नेल्यानंतरही टेलरताईंची भेट चालू ठेवून? काकूंना एकदम हवी. "तुकड्यातुकड्यानं दुखवण्यापेक्षा एकदाच," असं त्यांनी कचेरीला कळवलंय.

टेलरताई माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. "मशीनवाल्या ताई, तुमचं मशीन काय सांगतं हो? माझी आहे का ती?"

मी सांगितलं, यंत्र फक्त ठोके मोजतं.

"मग मोजा बाई नीट," त्या म्हणाल्या.

शुक्रवार, १५ मार्च

मुंगीची चाचणी झाली. पट्टा बांधताना तिनं तो स्वतःच हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि मला परत दिला. मी सोडून इतक्या शांतपणे पट्टा तपासणारं हे पहिलंच माणूस.

टेलरताई बाहेर गेल्या. मुंगीनं मान वळवली नाही. ठोकळे एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत, एकेक करून. टेलरताई परत आल्या, गुडघ्यावर बसल्या, "मुंगे, आले बघ मी." मुंगीनं हातातला ठोकळा टोपलीत टाकला आणि पुढचा घेतला. पाठ त्यांच्याकडे. टेलरताईंनी हात पुढे केला होता, तो त्यांनी हळूच आपल्याच मांडीवर ठेवून दिला.

कच्च्या नोंदीत, टेलरताई बाहेर पडल्या तिथपासून एक उंच कडा होता. तो त्या परत आल्यावरही उतरला नाही. हालचाल जवळजवळ शून्य. नियमानं तो सगळा भाग राखाडी झाला. उरली ती सपाट, स्वच्छ रेघ.

माझ्या मते पट्टा नीट बसला नव्हता. इतक्या लहान छातीचा पट्टा पुन्हा शिवून घ्यायला हवा.

सोमवार, १८ मार्च

बैठक झाली. बाईंनी आलेख दोन वेळा पाहिला. "इतकी शांत?" मग मला विचारलं, "हा राखाडी भाग कसला?"

"पट्टा सैल होता."

"नक्की?"

"शरीर हललेलं नाही. चेहराही शांत होता. ठोके एवढे चढायला कारण नाही."

बाई काचेकडे पाहत राहिल्या. पलीकडची खोली रिकामी होती. "मला वाटलं होतं..." म्हणाल्या, आणि वाक्य तिथेच सोडलं. "तू म्हणतेस तर तसं. यंत्र आणायचं आणि त्याचं ऐकायचं नाही, हे काही खरं नाही."

सल्ला लिहिला गेला: मुलीला सांभाळणाऱ्या व्यक्तीचा विशेष लळा दिसत नाही, एकदम नेण्यास हरकत नाही, पुढील भेटींची आवश्यकता नाही.

माझं काम अचूक झालं असं बाई म्हणाल्या. बरं वाटलं.

बुधवार, २७ मार्च

आज मुंगीला नेलं. काकांच्या हातात नवीन बाहुली, काकूंच्या हातात कोऱ्या कपड्यांची पिशवी. काकू घाबरलेल्या होत्या. सारखा मुलीचा भांग नीट करत होत्या.

टेलरताईंनी स्वतः शिवलेले तीन फ्रॉक आणले होते. प्रत्येकाची खालची पट्टी उलटून काकूंना दाखवली. "आत चार बोटं दुमड ठेवलीय. उंच झाली की उसवा, पुन्हा टीप मारा. वर्षभर नवीन घ्यावा लागणार नाही."

"हो," काकू म्हणाल्या. "पण आम्ही घेऊ ना नवीन."

"घ्या की. मी म्हटलं, असू दे."

मुंगी काकूंचं बोट धरून गेली. फाटकापर्यंत वळून पाहिलं नाही. काका काकूंना म्हणाले ते मला खिडकीतून ऐकू आलं, "बघ, उगाच घाबरत होतीस. किती शहाणी आहे."

टेलरताई बाकावर बसून होत्या. कारकुनानं पाणी दिलं. "रडली नाही हो," त्या त्याला म्हणाल्या. "मीच मेली वेडी. आठ दिवस मी झोपले नाही, की आता ही रडेल, आता ही रडेल, माझ्या गळ्यात पडेल, मग मी कसं सोडवू. आणि तिनं 'टाटा'सुद्धा केलं नाही." मग हसायला लागल्या. कारकुनाला कुठे बघावं कळेना. मीही खिडकीतून मागे झाले. पट्टे धुवायचे राहिले होते.

मंगळवार, ९ एप्रिल

मोठ्या माणसांसाठीचा पट्टा आला. बाईंना आता पालकांचीही नोंद हवी आहे. तपासायला स्वतःच बांधून खुर्चीत बसले. अट अशी की अजिबात हलायचं नाही. विश्रांतीचे ठोके स्थिर आले, छान.

मध्येच आईचा फोन. मावशी सकाळी गेली. आई रडत होती. मी विचारलं, किती वाजता, डॉक्टर कोण होते, बाबा सोबत आहेत का. अंत्यविधी संध्याकाळीच आहे. कुठलीही गाडी पकडली तरी पोचणार नाही, हे मी वेळापत्रक पाहून आईला सांगितलं. "हो ग, तुझाही काय दोष," आई म्हणाली.

फोन ठेवून पडद्याकडे पाहिलं तर फोनच्या सुरुवातीपासून ठोके जवळजवळ दुप्पट. हालचाल शून्य. नियमानं सगळा तुकडा राखाडी झाला होता.

नवीन पट्टाही सैल निघाला. कंपनीला कळवायला हवं.

शुक्रवार, १२ एप्रिल

बाईंना कारकुनाकडून कळलं. (आईनं केंद्रातही फोन केला होता.) "अगं, जा ना घरी चार दिवस. मावशी म्हणजे आईच की तुझी."

मी म्हटलं, आता जाऊन करायचं काय.

बाईंनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि तो थंड होईपर्यंत समोर बसून राहिल्या. मला संकोच वाटला.

मंगळवार, १६ एप्रिल

कंपनीला तक्रार लिहिण्याआधी दोष सिद्ध करायला हवा. कारकुनाला पट्टा बांधला.

"माझ्या हृदयात कोणी सापडलंच तर आमच्या मंडळींना सांगू नका," तो म्हणाला.

त्याला बसवलं, उठवलं, जिना चढायला लावला, वाकवलं, मुद्दाम पट्टा ओढला, तिरका केला. एकदाही खोटा कडा आला नाही. पट्टा खरंच सैल केला तेव्हा काय झालं? रेघ तुटली, फाटली, अधूनमधून शून्यावर आली. सैल पट्ट्याची नोंद अशी दिसते. फाटकी. माझा गेल्या मंगळवारचा तुकडा फाटका नव्हता. प्रत्येक ठोका स्वतंत्र, टोकदार, मोजता येण्यासारखा. फक्त जलद.

पट्टा सैल नव्हता.

मग मुंगीची कच्ची नोंद उघडली. राखाडी भाग मोठा करून पाहिला. तिथेही रेघ कुठे तुटलेली नाही. टेलरताईंनी दार ओढून घेतलं आणि ठोके चढले ते त्या परत आल्यावरही उतरले नाहीत. "मुंगे, आले बघ मी" या शब्दांना तर आणखी वर गेले. आणि त्याच वेळी चित्रफितीत ती ठोकळे भरते आहे. एकेक करून. हात स्थिर.

कंपनीत माणसं धावायची म्हणून हृदय धावायचं. नियम तिथला होता. इथे हा पट्टा ज्या एका गोष्टीसाठी आणला होता, नेमकी तीच मी गाळत होते.

बाकीच्या सात मुलांच्या नोंदीही तपासल्या. त्यांत राखाडी भाग नाही. ती सातही रडली होती, धावली होती.

बुधवार, १७ एप्रिल

बाईंना दाखवलं. क्रमानं: आधी कारकुनाची नोंद, मग सैल पट्ट्याची, मग मुंगीची. माझी दाखवली नाही. ती वेगळी बाब आहे.

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे कोंडून ठेवला होता."

"हो. चूक माझ्या नियमाची आहे. मी तसं लेखी देते."

"नियमाची!" त्या एकदम तापल्या. "अगं, टेलरताईचा हात बघितला होतास ना तू? पुढे केला आणि मागे घेतला तो? मी बघितला होता. मला दिसत होतं की ही पोर त्या बाईच्या प्रत्येक पावलाचा आवाज पाठीनं ऐकतेय. आणि तरी मी तुझ्या सपाट रेघेवर सही केली. मला पण ते सोपं वाटलं. डोळ्यांपेक्षा कागद बरा, कोणी विचारलं तर दाखवता येतो." मग आवाज खाली आला. "तू कशी तपासलीस ग ही नोंद? आज अचानक?"

"पट्ट्यात दोष वाटला होता."

"कशावरून?"

"असंच."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी पडदा बंद केला.

शनिवार, २० एप्रिल

बाई आणि मी टेलरताईंकडे गेलो. एकच खोली, खिडकीशी मशीन, भिंतीवर खुंट्यांना गिऱ्हाइकांचे कपडे. बाईंनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. टेलरताई मशीनवर बसूनच ऐकत होत्या, पाय पायडलवर.

"म्हणजे तिला कळत होतं, मी आलेय ते."

"हो," मी म्हटलं.

"आणि वळायचं नव्हतं."

"वळता येत नव्हतं," बाई म्हणाल्या. "काही पोरं अशी शिकतात. कुणीतरी एकदा गेलेलं असतं, परत न येण्यासाठी. महिन्याभराच्या पोराला आठवत नाही म्हणतात, पण अंगाला ठाऊक असतं. मग ती मागणंच बंद करतात. ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव, त्याच्यासमोर सगळ्यात शांत."

टेलरताईंनी दोरा दातानं तोडला. "बैल गेला नि झोपा केला तुम्ही, बाई." मग माझ्याकडे वळून: "तुम्हाला सांगितलं होतं, नीट मोजा. मी काय शिकलेली नाही, तुमच्या काचेमागं काय चालतं मला कळत नाही. मला वाटलं, एवढ्या मोठ्या मशीननं सांगितलं, तर मीच आपलं लाडानं स्वतःची समजूत करून घेतली असणार. महिनाभर मी त्या पोरीवर रागावले हो. मनातल्या मनात म्हटलं, कृतघ्न. अडीच वर्षांच्या पोरीला!"

क्षमा मागण्याचं वाक्य मी तयार करून नेलं होतं. म्हटलंही. त्यांनी ऐकलं की नाही, सांगता येत नाही. मशीन सुरू झालं होतं.

सोमवार, ६ मे

बाईंनी कचेरीला दुरुस्त सल्ला पाठवला, सोबत माझं लेखी. कचेरीचं उत्तर: मुलगी तिथे स्थिरावली आहे, पुन्हा हलवणार नाही. पुन्हा हलवणं बाईंनाही नकोच होतं. "आता तिथून उचलली तर तिसऱ्यांदा तुटेल." भेटीपुरतं मात्र काका-काकूंवर सोडलंय. बाई रोज फोन करतात. शेवटी काका म्हणाले, एकदा या. एकदाच.

रविवार, १९ मे

आम्ही तिघी गेलो. यंत्र नेलं नाही. बाई म्हणाल्या, लोकांच्या घरात पट्टे घेऊन शिरायचं नसतं.

चौथा मजला. गॅलरीत कपडे वाळत होते, त्यांतला एकही टेलरताईंनी शिवलेला नव्हता. मुंगी जमिनीवर बसून कपड्यांचे चिमटे एका वाडग्यातून दुसऱ्यात टाकत होती. केस वाढलेत.

टेलरताई उंबऱ्यातच थांबल्या. "मुंगे."

तिचा हात चिमट्यावर थबकला. मग चिमटा वाडग्यात पडला. पुढचा घेतला.

"बघा," काकू म्हणाल्या. वाईट हेतू नव्हता. "ओळख राहत नाही हो एवढ्या वयात. आणि गुणी इतकी! आल्यापासून एकदा रडली नाही. आमच्या खालच्यांची पोर बघा, दिवसभर भोंगा." बाईंनी त्यांना बोलण्यात गुंतवून स्वयंपाकघराकडे नेलं.

टेलरताई मुंगीच्या मागे बसल्या. हात मांडीवर. डोळे भरलेले. मला म्हणाल्या, "चला, निघू या. उगाच तिला कशाला."

"तिच्या पाठीवर हात ठेवा," मी म्हटलं.

"नको असेल तिला."

"ठेवा. खांद्याच्या जरा खाली. डावीकडे."

त्यांनी ठेवला. मुंगी हलली नाही. टेलरताईंचा चेहरा बदलत गेला. "अगं बाई," त्या पुटपुटल्या. "हे तर नुसतं उडतंय. चिमणी धरावी तसं." आणि मग तिच्या मानेजवळ वाकून: "कळलं हो मुंगे. कळलं. नको वळूस. मी आहे इथेच, तू आपलं काम कर."

तासभर त्या तशाच बसल्या, हात न काढता. मुंगी चिमटे टाकत राहिली. निघताना तिनं पाहिलं नाही. पण टेलरताई उठल्या तेव्हा तिची पाठ किंचित मागे आली, जिथे हात होता त्या दिशेनं. हे मी मोजलेलं नाही. पाहिलं.

जिन्यात टेलरताई माझ्या खांद्याला धरून उतरल्या.

मंगळवार, २१ मे

काकूंचा फोन आला. बाई बाहेर होत्या, मी उचलला.

"मॅडम नाहीत? मग तुम्हीच ऐका. परवा तुम्ही गेलात आणि तासाभरात पोरीनं जो सूर लावला, तो अजून चालू आहे. दोन महिने हूं की चूं नव्हतं! आता जेवत नाही, झोपत नाही. भरलेली जखम उकरून काय मिळालं तुम्हाला? त्या बाईंना पुन्हा आणायचं नाही. सांगून ठेवते."

मी म्हटलं, रडणं हे चांगलं लक्षण आहे.

"तुम्हाला असेल चांगलं! तुम्ही ऐकत नाही आहात ना ते."

खरं होतं. मागे आवाज येत होता. घसा बसलेला, थकलेला. मी विचारलं, "रडताना ती कुठे असते? एकटी कोपऱ्यात जाते?"

"छे! कडेवर. खाली ठेवू देत नाही. आता पण कडेवरच आहे, गळा असा आवळून धरलाय, फोन धरता येईना."

"मग ती तुमच्याकडे धावतेय," मी म्हटलं. "दोन महिन्यांत पहिल्यांदा. ती शांत होती तेव्हा तुमची नव्हती."

मुंगीचा आवाज तेवढा येत राहिला.

"पण नाव तिचं घेते," काकू म्हणाल्या, निराळ्या आवाजात. "माझ्या कडेवर बसून माऊ, माऊ करते. मला काय होत असेल? मीसुद्धा माणूसच आहे ना?"

याला बाईंनी काय उत्तर दिलं असतं मला माहीत नाही. मी म्हटलं, "मला मावशीनं सांभाळलं. पाच वर्षं. आईबाबा न्यायला आले तेव्हा मी रडले नाही. सगळे म्हणाले, गुणाची पोर."

"मग?"

"मग मला तिच्याकडे परत कोणी फारसं नेलं नाही. गरज दिसली नाही. मलाही नाही दिसली."

"आता भेटता की नाही त्यांना?"

"नाही."

एवढंच म्हटलं. त्यांनी का ते विचारलं नाही. पलीकडे त्या पोरीला थोपटत होत्या, ते ऐकू येत होतं. मग म्हणाल्या, "या रविवारी आमच्याकडे माणसं आहेत. पुढच्या रविवारी आणा त्यांना." आणि फोन ठेवता ठेवता: "आणि हो, त्यांना विचारून ठेवा, झोपवताना काय म्हणायच्या त्या? पोर कालपासून काहीतरी गुणगुणते, मध्येच थांबते आणि माझ्या तोंडाकडे बघते. पुढचं मला येत नाही."

मी म्हटलं, विचारते.

टेलरताईंना लगेच फोन केला. त्यांना गाणं म्हणताही येईना, रडूही आवरेना. तिसऱ्या वेळी दोन ओळी पूर्ण झाल्या. मी उतरवून घेतल्या.

मग मावशी मला झोपवताना काय म्हणायची ते आठवायला लागले. काही आठवलं नाही. आईला फोन करून विचारलं.

"कोण जाणे बाई," आई म्हणाली. "ते तिलाच ठाऊक."